अंबूबाईंचं आवतण

आत्यांना रानभर माणसं हवी होती आणि माझ्याकडे चारच होती.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, अंबूबाई. मूळच्या औसा तालुक्यातल्या, तीन वर्षांपासून चिखलीत आमच्याकडे राहणाऱ्या. आणि माणसं म्हणजे चित्रातली. मी हिंजवडीत एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करते. ऐकायला भारी वाटतं, पण गेलं वर्षभर मी एका परदेशी मालिकेतल्या सशाचे फक्त कान हलवतेय. बाकीचा ससा दुसऱ्या टीमकडे आहे.

हे प्रकरण मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःच्या अंगावर घेतलं आणि तसंच उचलून माझ्या अंगावर टाकलं. ज्योतीराममामांना कुठंही पाच माणसं दिसली की त्यांचं मंडळ करावंसं वाटतं. चिखली, भोसरी, चाकण या पट्ट्यात औशाकडून पोटासाठी आलेली एवढी कुटुंबं आहेत की त्यांचं रहिवासी मंडळ होणारच होतं. त्या मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी तिथं खेळणाऱ्या पोरांना सहज विचारलं, "येळवस म्हणजे काय रे?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एक जण म्हणाला, "ऑनलाइन सेल असेल."

बैठकीला सुतकच पडलं म्हणे. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी सुट्टी असते, बाजारपेठा ओस पडतात आणि झाडून सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, 'ओलगे ओलगे' असं ओरडत रानाभोवती ताकातली आंबिल शिंपडायची, आणि मग भज्जी, उंडे, तिळाच्या पोळ्या. ज्यांनी आयुष्यभर या दिवसाची वाट पाहिली त्यांची नातवंडं त्याला सेल समजत होती. मामा तिथंच उभे राहिले आणि म्हणाले, "माझी सून कार्टून काढती. तिला सांगतो."

मला सांगितलं तेव्हा मी चहा गाळत होते. चार मिनिटांची फिल्म, पोरांसाठी, येळवस कशी असते ते दाखवणारी. मी म्हटलं, करू की. माझं माहेर पिंपरीतलं, कामगार वसाहतीतलं. शेत ही गोष्ट मी बसच्या खिडकीतून बघितलेली. पण सशाच्या कानांपेक्षा शेत केव्हाही बरं.

महिन्याभरात मी कच्चं काम तयार केलं. चिंचेचं झाड, खोप, डोलणारी ज्वारी, आणि झाडाखाली जेवणारं एक गोड चौकोनी कुटुंब. आई, बाबा, मुलगा, मुलगी. मी लॅपटॉप आत्यांपुढे ठेवला. चष्मा लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"रान चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पर माणसं कुठं गेली?"

"ही काय, चार आहेत की."

"चार तर रोजच आसत्यात घरी. येळवसीला परकी माणसं लागत्यात. पाव्हणे, गावातले दुकानदार, शाळंचे मास्तर, रस्त्यानं कोण जात आसंल त्यो. बांधावर हुबं ऱ्हाऊन हाका मारायच्या, या जेवायला मनून. आमच्या रानात पंगतीवर पंगती उठायच्या, माय. चार माणसांची येळवस आसती का? त्यो डबा झाला."

मी त्यांना आमच्या धंद्याचं गणित समजावलं. एक माणूस सेकंदभर हलवायचा तर डझनभर चित्रं काढावी लागतात. त्यातही जेवणारा माणूस म्हणजे सगळ्यात अवघड. भाकरी मोडायची, बुडवायची, तोंडाशी न्यायची, चावायची, मध्येच शेजारच्याशी बोलायचं. आमच्याकडे पात्रं जेवायला बसली की आम्ही कॅमेरा झाडाकडे वळवतो.

"मंग तुमच्या कार्टूनात कुणी जेवतच न्हाई का?"

"शक्यतो नाही."

"मनून तुमी सगळे असे वाळल्याले," आत्या म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

दुसऱ्या खेपेला मी शॉर्टकट मारला. एकच माणूस नीट काढला, त्याच्या भरपूर नकला केल्या, कुणाचा फेटा लाल केला, कुणाला मिशा चिकटवल्या आणि पंगत बसवून दिली. आत्यांनी एक नजर टाकली. "ह्ये सगळे येकाच टायमाला घास घ्यायलेत," त्या म्हणाल्या. "कवायत हाय का?"

मला राग आला. राग माझ्या नाकावरच असतो, माहेरी विचारा. दिवसभर परक्या सशाची चाकरी करून घरी यायचं आणि इथं फुकटात केलेल्या कामाला नावं ऐकायची. मी लॅपटॉप धाडकन मिटला आणि आत गेले.

थोड्या वेळाने पाणी प्यायला बाहेर आले तर आत्या गॅलरीत उभ्या होत्या. तशा त्या रोजच संध्याकाळी तिथं उभ्या असायच्या, पण त्या बघतात काय हा विचार मी कधी केला नव्हता. खाली रस्त्यावर माणसंच माणसं. कंपन्यांच्या बस, टेम्पो, शिफ्ट सुटलेली पोरं, भाजीवाल्यांशी हुज्जत घालणाऱ्या बायका. त्यातलं एकही त्यांच्या ओळखीचं नव्हतं. तीन वर्षांत आमच्या घरी जेवायला बाहेरचं माणूस आलं नव्हतं. दिग्विजय, माझा नवरा, चाकणला कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये, त्याच्या शिफ्टा बदलत्या. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. कुणाला बोलवायला आम्हाला सवड नव्हती, आणि बोलावलं असतं तरी आम्ही जेवण बाहेरून मागवलं असतं. आत्या भांडत होत्या चित्रातल्या पंगतीवरून, पण भूक त्यांना खऱ्या पंगतीची होती. मला फार वाईट वाटलं. मग मला माझाच राग आला, आणि तो मी कामावर काढला.

मी एकेक माणूस वेगळा काढायला घेतला. नमुन्यासाठी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्या लोकांचं मोबाइलवर शूटिंग करायला लागले. एकाने एचआरकडे तक्रार केली. पण मला कळलं की माणसं जेवताना घासापेक्षा ताटातल्या दुसऱ्या पदार्थाकडे बघतात, आणि आग्रह झाला की आधी नाही म्हणून हात आडवा धरतात आणि मग हळूच बाजूला घेतात. हे सगळं मी त्या पंगतीत घातलं. आत्या रोज माझ्या शेजारी बसून सूचना करायच्या. त्या कंडक्टरला जरा पोट दे. त्या मास्तराला दुसऱ्यांदा वाढ. सहा वर्षांच्या संसारात आम्ही सासूसुना एवढा वेळ एका जागी कधी बसलो नव्हतो.

मग आवाज रेकॉर्ड करायची वेळ आली. सगळी गोष्ट आत्याच सांगणार होत्या. बाहेर जेसीबी, शेजारी कुकर, म्हणून मी त्यांना बेडरूमच्या कपाटाजवळ, चार बाजूंनी गोधड्या लावून बसवलं. त्यांनी खोपीचं सांगितलं, भज्जीचं सांगितलं, पांडवांचं सांगितलं, एका दमात, कुठं अडखळल्या नाहीत. शेवटी बांधावरची बाई रस्त्याकडे बघून हाक मारते तो प्रसंग होता.

"आता नुसतं म्हणा, 'या हो, जेवायला या.'"

आत्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"काय झालं?"

"कुणाला मनू?"

"कुणाला नाही. नुसतं म्हणायचं."

"नुसतं कसं मनू? आवतण हाय ते. खोटं आवतण देत न्हाईत, करिष्मा. ऐकून कुणी आलं तर? उपाशी माघारी धाडू का?"

"आत्या, ते कार्टून आहे."

"कार्टूनाला भूक नसंल. ऐकणाऱ्याला आसती की."

मी समजूत घातली, विनवलं, थोडी चिडले. त्या हलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मी माझ्या पद्धतीनं मनते, तू यंत्र चालू कर." आणि गोधड्यांच्या आत बसून, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली. "या हो, जेवायला या. औंदाच्या येळवसीला, गुरुवारी, चिखलीला या. पिंपळपार सोसायटी, बी विंग, चौथा मजला, चारशे तीन. अंबूबाई वाट बघती. या."

आमच्या सोसायटीत पिंपळही नाही आणि पारही नाही, पण पत्ता तोच आहे. मी मनात म्हटलं, नंतर कापून टाकू. आणि कापलाच. पण पूर्ण झालेली फिल्म त्यांना दाखवली तेव्हा त्या शेवटपर्यंत हसत बघत होत्या, आणि हाक आली तशा थांबल्या. "माझा पत्ता कुठाय?" एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या उठून गेल्या. मी पत्ता होता तिथं परत लावला आणि फिल्म मंडळाला पाठवून दिली.

मंडळात फिल्म धावली. अध्यक्षांनी मामांना फोन करून सांगितलं, "काकूंनी पत्ता टाकायची आयडिया लई भारी केली, सगळे हसून हसून बेजार झाले." पोरांनी ती इतक्या वेळा बघितली की घराघरांत 'ओलगे ओलगे' सुरू झालं. ग्रुपवर हात जोडलेले आले, फुलं आली, टाळ्या आल्या. येतो म्हणून कुणीच लिहिलं नाही. शहरातल्या माणसाला फिल्ममधलं बोलावणं कळतं, तो पायात चपला घालत नाही. हे मला माहीत होतं. आत्यांना कसं सांगायचं ते माहीत नव्हतं.

त्या तर तयारीला लागल्या होत्या. मामांनी मोशीहून कडब्याच्या पेंढ्या स्कूटरवर आणल्या, बांधकामावरून पाच दगड आणले. आमचे वॉचमन खंडूभाऊ यांनी दोन्हीची गेटवर नोंद केली. खंडूभाऊ मूळचे चिखलीचेच, साठीचे, पांढऱ्या मिशांचे, आणि नियमाला देव मानणारे. सोसायटीने गेटसाठी अ‍ॅप घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की त्यांना जमायचं नाही. त्यांना इतकं जमलं की माझ्या आईलाही ते नोंद झाल्याशिवाय आत सोडत नाहीत.

येळवसीचा गुरुवार उजाडला. गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचा सुट्टीचा दिवस, पण दिग्विजयला नेमका ओव्हरटाइम लागला. मी रजा टाकली. आत्या पहाटेच उठल्या होत्या. हरभऱ्याचे सोले, तुरीचे दाणे, वाटाणा, घेवडा, जे जे हिरवं मिळालं ते सगळं बेसनात शिजवून भज्जीचं मोठं पातेलं भरलं. उंडे उकडले, पोळ्यांची चळत लावली, मडक्यात आंबिल. गॅलरीत खोप बांधली आणि तिच्यावर स्वतःची ठेवणीतली शाल पांघरली. सतरंज्या अंथरल्या, आणि मग आम्ही तिघं दाराकडे तोंड करून बसलो.

दार सताड उघडं होतं. समोरच्या फ्लॅटमधून एक जण कचरा ठेवायला बाहेर आला, आमच्याकडे बघून आत गेला. लिफ्ट दोनदा वर आली, दोन्ही वेळा पाचव्या मजल्यावर गेली. बारा वाजले. एक वाजला.

"ट्रॅफिक आसंल," मामा म्हणाले.

"आसंल," आत्या म्हणाल्या. त्या सारख्या उठून भज्जीचं झाकण काढून बघत होत्या आणि परत ठेवत होत्या. नवी साडी नेसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. तो पत्ता तेव्हाच कापून टाकला असता, दोन दिवस रुसल्या असत्या, पण हे तरी टळलं असतं, असं मला वाटायला लागलं.

दीडच्या सुमाराला दारात एक मुलगी उभी राहिली. विशीची असेल. जीन्स, गळ्यात ओढणी, पाठीवर सॅक, कपाळावर घाम.

"अंबूबाई आज्जींचं घर ह्येच का?" तिने विचारलं. "मी भाग्यश्री. निलंग्याकडची. चाकणला वायरिंगच्या कंपनीत हाव. तुमी बोलावलं मनून आले."

आत्या उठल्या. तिच्या पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन आल्या.

भाग्यश्रीने चप्पल काढली आणि सतरंज्यांकडे बघितलं. "आज्जी, पंगत का बसंना? खाली एवढी माणसं हुबी हायत. मला वाटलं, वर रांग आसंल."

"कुठली माणसं?" मी विचारलं.

"गेटावर. तुमच्या वॉचमननं आडवल्यात. मी पाण्याच्या टँकरच्या मागून आत आले, टँकरला कुणी विचारत न्हाई."

मी गॅलरीत धावले. आमच्या गॅलरीतून रस्ता दिसतो, पण गेट दिसत नाही. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाहुणा आला की अ‍ॅप फ्लॅटमालकाच्या मोबाइलवर विचारतं. फ्लॅट दिग्विजयच्या नावावर. आणि दिग्विजयचा मोबाइल सकाळपासून चाकणच्या कंपनीच्या लॉकरमध्ये होता, कारण प्रेस शॉपमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत.

आम्ही चौघं खाली गेलो. गेटबाहेर पंक्चरच्या दुकानाच्या सावलीत माणसं बसली होती. कॉट बेसिसवर राहणारी पोरं, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. पाण्याच्या बाटल्या घेतलेली लहान मुलं, त्यांचे आईबाप. एक म्हातारे गृहस्थ चक्क फेटा बांधून आले होते. फिल्ममधलं बोलावणं कळणारी शहरी माणसं घरीच राहिली होती. आलेली सगळी अशी होती, ज्यांना आवतण म्हणजे आवतण वाटतं. काही जण दहा वाजल्यापासून बसले होते आणि एकालाही परत जावंसं वाटलं नव्हतं.

"खंडूभाऊ, हे काय?" मी गेलेच त्यांच्या अंगावर. "आमच्याकडचे पाहुणे आहेत हे."

"आसत्याल की ताई," खंडूभाऊ शांतपणे म्हणाले. "मी परत्येकाची रिक्वेस टाकली. चारशे तीनवाले उचलंनात. नंबर बंद हाय."

"मी सांगते ना, सोडा."

"तुमचा नंबर त्यात न्हाई. आन एका फ्लॅटला दहाच्या वर पाव्हणं असलं तर चेअरमनची परवानगी लागती. लिफ्ट बंद पडती वो. माझी नोकरी हाय."

मी तोंड उघडणारच होते, आणि ते उघडलं असतं तर जानेवारीतही गेट वितळलं असतं. पण आत्यांनी माझा दंड धरला. त्या खंडूभाऊंकडे बघतच नव्हत्या. गेटाच्या पलीकडे, आमच्या कंपाउंडला लागून एक मोकळा प्लॉट आहे, गवत वाढलेला, मध्ये एक बाभूळ. त्या तिकडे बघत होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ह्ये रान कुणाचं?"

खंडूभाऊ गोंधळले. त्या जागेला रान म्हटलेलं त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नसावं. "तवा आमच्याच भावकीचं व्हतं," ते म्हणाले. "ही सोसायटी बी आमच्याच रानात हाय. हरभरा करायचो, जवारी करायचो. चुलत्यानं इकलं. बिल्डरनं निम्म्यात बिल्डिंगी बांधल्या, निम्मं पडीक हाय. त्याची राखण बी माझ्याकडंच." मग जरा थांबून ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी ल्हान व्हतो तवापासनं हितं राखणच करतुय. तवा पाखरं हाकलायचो, आता माणसं हाकलतुय."

ते म्हातारे गृहस्थ फेटा सावरत उठून उभे राहिले.

"मंग तुमीच आमाला जागा द्या," आत्या म्हणाल्या. "येळवस घरात करायची नसतीच. मीच चुकले, गॅलरीत मांडून बसले. ती रानात करायची आसती, आन रान ज्याचं त्यानं पूजेला बसायचं आसतं."

"म्या?"

"तुमच्यावाचून कोण हाय हितं रानवाला?"

"माय, आमच्यात ह्यो सण न्हाई वो. आन गेट कोण बघंल?"

"मी बघतो," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. त्यांनी खंडूभाऊंची शिट्टी आणि टोपी मागून घेतली, खुर्चीत बसले आणि पहिल्याच मिनिटाला सेक्रेटरींच्या गाडीला थांबवून नाव विचारलं.

मग जे झालं त्याला लिफ्ट पुरली नाही. पोरांनी पातेलं जिन्याने खाली आणलं. पोळ्या, उंडे, मडकं, सतरंज्या, शालीसकट खोप, आणि एकेक पांडव एकेका मुलाच्या हातात. बाभळीखाली खोप उभी राहिली. खंडूभाऊ युनिफॉर्मवरच पाटावर बसले. आत्या सांगतील तसं हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आंबिल शिंपडायची वेळ आली तेव्हा त्यांना काही सुचेना, पण तिथली पोरं तयार होती. फिल्म त्यांना तोंडपाठ होती. "काका, तसं नाही, उजवीकडून फिरायचं," एकाने सांगितलं. "आणि ओरडायचं. मोठ्याने." पुढे मडकं घेतलेले खंडूभाऊ, मागे 'ओलगे ओलगे' करणारी चिल्लीपिल्ली, अशी त्या पडीक प्लॉटभोवती फेरी निघाली. ती पोरं जन्मापासून चिखलीतली, भोसरीतली. त्यांच्यातल्या एकानेही औशाचं शेत बघितलं नव्हतं. माझ्या चित्रातल्या पोरांपेक्षा ती कितीतरी वेडीवाकडी धावत होती. मला त्यांचा हेवा वाटला आणि आनंदही झाला, आणि दोन्ही लपवायला मी मोबाइलवर शूटिंग करत राहिले.

पंगत बसली. आत्या वाढत होत्या. भाग्यश्रीने ओढणी कमरेला खोचली आणि तीही वाढायला लागली. जेवणारे आधी नाही म्हणत हात आडवा धरत होते आणि हळूच बाजूला घेत होते. फेट्यावाल्या गृहस्थांनी भज्जी तिसऱ्यांदा घेतली आणि मान खाली घालून खूप वेळ खातच राहिले. आत्यांनी त्यांना न विचारता चौथ्यांदा वाढली.

पातेलं अजून निम्मं होतं. आत्यांनी कंबर सरळ केली आणि रस्त्याकडे बघितलं. गुरुवारच्या दुपारचा रस्ता, टेम्पो, रिक्षा, भर उन्हात सिमेंटच्या गोण्या वाहणारे मजूर. आता त्या हाक मारणार, हे मला दिसलं. त्या दोन पावलं पुढेही गेल्या. आणि थांबल्या.

"भाऊ," त्या खंडूभाऊंना म्हणाल्या, "रान तुमचं हाय. हाक तुमी मारायची."

खंडूभाऊ पाटावरून उठले. प्लॉटच्या कडेला, रस्त्याला लागून, बांधासारखा मातीचा उंचवटा आहे, त्यावर जाऊन उभे राहिले. सकाळपासून त्याच तोंडाने त्यांनी 'थांबा, आत जाता येनार न्हाई' एवढंच म्हटलं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"या वो," ते ओरडले. "जेवाया या. अवो सिमेंटवाले, या की. आमच्या रानात येळवस हाय. समद्यांनी या."

गोणीवाले मजूर थांबले. एकमेकांकडे बघून त्यांनी गोण्या खाली ठेवल्या. मागून टँकरवाला आला, त्याने टँकर कडेला घेतला.

आत्या पंगतीकडे वळल्या, पुन्हा पातेल्याकडे निघाल्या. खंडूभाऊंनी उंचवट्यावरूनच त्यांना हाक मारली. "माय, आवो माय. तुमी कुठं निघाला? तुमाला आवतण द्यायचं ऱ्हायलंच की. तुमी बी या जेवाया."

आत्या तिथंच उभ्या राहिल्या. तीन वर्षांत या गावात त्यांना कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं. मी फक्त आमच्याकडे कोण येत नाही तेच मोजत बसले होते. त्यांनी पदराने तोंड पुसलं. हातातली पळी माझ्याकडे दिली. मग सिमेंटवाल्यांच्या आणि त्या फेट्यावाल्या गृहस्थांच्या मध्ये जागा करून मांडी घालून बसल्या.

मी त्यांच्या पत्रावळीवर भज्जी वाढली. त्यांनी घास घेतला, चावला, डोळे मिटले.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या. "वाढ अजून."